खुनी माहितीये, बाकीचं बोला

मराठी घरात नवीन क्राइम सिरीयल सुरू झाली की पहिल्या रात्री गुन्ह्याचा तपास कुणीच करत नाही, तपास होतो तो नटांचा. प्रेत अजून नीट झाकलेलंही नसतं आणि सोफ्यावरून आवाज येतो, अगं हा तोच ना, त्या ह्याच्यात होता, तिचा धाकटा दीर, आणि मग ते 'ह्याच्यात' म्हणजे नक्की कशात हे आठवेपर्यंत इन्स्पेक्टरने विचारलेले सगळे महत्त्वाचे प्रश्न निघून गेलेले असतात. पण गंमत अशी की ह्याच रस्त्याने खुनी सापडतोही. नट चांगला नावाजलेला आहे आणि त्याला वाक्यं फक्त दोन आहेत, चहा आणून ठेवतो आणि आत जातो, तर समजायचं की ह्यानेच केलंय, एवढे पैसे मोजून प्रॉडक्शनवाल्यांनी त्याला चहा द्यायला आणलाय का. माझ्या सासूबाई ह्या एका नियमावर आजवर सगळे खून उलगडत आल्यात. बोटांचे ठसे, मोबाईलचं लोकेशन, लॅबचा रिपोर्ट वगैरे त्यांच्या लेखी निव्वळ टाइमपास, रिपोर्ट यायच्या आत त्या भांडी आवरून झोपायला जातात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, तोच होता ना गं?

त्यांची तयारी जुनी आहे म्हणा. दूरदर्शनच्या काळात मुंबई केंद्रावर 'एक शून्य शून्य' लागायची, पोलीस कंट्रोल रूमचा नंबर १०० म्हणून ते नाव, बी. पी. सिंगांची सिरीयल आणि त्यात शिवाजी साटम. मग 'हॅलो इन्स्पेक्टर'मध्ये रमेश भाटकर आले आणि आमच्या डोंबिवलीच्या चाळीतल्या (चाळ तेव्हाची, आता तिथे टॉवर आहे) सगळ्या बायकांना पोलीसखात्याबद्दल अचानक आदर वाटायला लागला असं सासरे सांगायचे, जरा कुरकुरतच. पुढे त्याच सिंगांनी त्याच साटमांना घेऊन २१ जानेवारी १९९८ला सोनीवर 'सीआयडी' सुरू केली आणि ती ऑक्टोबर २०१८पर्यंत चालली, १५४७ भाग. सेंट्रल बँकेत नोकरी केलेला एक मराठी माणूस वीस वर्षं हवेत हात फिरवत खुनी शोधत राहिला आणि अख्ख्या देशाने ते जेवता जेवता बघितलं, हे मला अजूनही भारी वाटतं. खरं स्टेट सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि तिथे बहुतेक दरवाजे किल्लीनेच उघडत असावेत, सिरीयलीतल्या दयासारखे लाथेने नाही, पण ते असो.

तर ह्या सगळ्या 'कोणी केलं'वाल्या सिरीयली. कोणी केलं ते शेवटी कळणार, तोवर अंदाज बांधायचे आणि बरोबर आला की मांडीवर थाप मारायची. घरातली चर्चा त्याच साच्यात बसलेली होती. तो साचा मोडला 'देवमाणूस'ने, आणि मला जे सांगायचंय ते त्या पहिल्या रात्रीबद्दल आणि तिच्या नंतरच्या आठवड्याबद्दल आहे, कारण खुनी कोण हे पहिल्याच दिवशी कळल्यावर लोक गप्प बसतील असं वाटलं होतं, झालं बरोबर उलटं.

दिवस कसे होते बघा. ३१ ऑगस्ट २०२०, सोमवार, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. लॉकडाऊनमध्ये शूटिंग बंद पडून महिनोन् महिने जुनेच भाग बघून झालेले, नवे भाग जुलैच्या मध्यावर कुठे परत सुरू झालेले, 'रात्रीस खेळ चाले'मधले अण्णा नाईक नुकतेच निरोप घेऊन गेलेले आणि साडेदहाच्या त्या जागेवर आता काय येणार ही एकच भविष्यातली गोष्ट होती जिच्याबद्दल खात्रीने काही बोलता येत होतं. बाकी शाळा कधी उघडणार, लोकल कधी सुरू होणार, पगार किती कापणार, कुणालाच काही माहिती नाही. झी मराठीचा प्रोमो मात्र रोज सांगत होता की एक डॉक्टर येतोय आणि तो चांगला माणूस नाही.

आणि डॉक्टर कोण, तर किरण गायकवाड. आता ज्यांनी 'लागिरं झालं जी' बघितलंय त्यांना पुढचं सांगायची गरजच नाही. भैय्यासाहेब! माझं माहेर साताऱ्याकडचं, तिथे तर ती सिरीयल घरचं कार्य असल्यासारखी बघितली गेली, आणि त्यातल्या ह्या माणसाला गावाकडच्या माझ्या मोठ्या काकींनी दोन वर्षं रोज रात्री शिव्या घातलेल्या. त्याच श्वेता शिंदेच्या प्रॉडक्शनची ही नवीन सिरीयल. त्यामुळे प्रोमोत तो गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून गोड हसला तशी काकींनी फोन केला, आगं त्यो भैय्या डाक्टर झालाय, आता काय खरं न्हाय. तपास संपला. सिरीयल सुरू व्हायच्या आधी आरोपी निश्चित. सासूबाईंचा नियम इथे कामालाच आला नाही, त्या थोड्या नाराजच झाल्या, म्हणाल्या, मग बघायचं काय त्यात?

पहिला भाग आम्ही डोंबिवलीत आणि काकी-काका, दादा, वहिनी तिकडे गावाला असा एकाच वेळी बघितला, फोन स्पीकरवर टाकून. म्हणजे ठरवून नाही, काकींनी प्रश्न विचारायला फोन केला आणि तो ठेवायचा राहिला. आमच्याकडे डिशवर चित्र दोन सेकंद उशिरा यायचं म्हणून तिकडून आधी काकींचं 'आई गं' ऐकू यायचं आणि मग आम्हाला दिसायचं कशाबद्दल ते. दादा प्रत्येक वाक्याला भाषा तपासत होता, हे बरोबर, हे कोल्हापूरचं झालं, असं आपल्यात कुणी म्हणतं का. वहिनीचं लक्ष वाड्यावर, हा नक्की वाईकडचाच वाडा, दगड बघा की. सरू आजी आल्या तेव्हा मात्र सगळेच गप्प, कारण रुक्मिणी सुतारांनी तोंड उघडलं आणि एक अशी म्हण टाकली की काका तिकडे खोकेपर्यंत हसले. त्या एका बाईसाठी नंतर पुढचे कित्येक आठवडे लोकांनी सिरीयल सहन केली असं माझं स्पष्ट मत आहे. त्या घरातल्या पोरासाठी, टोण्यासाठी पण. खुनाच्या सिरीयलीत इतकं हसायला असणं बरोबर आहे का ह्यावर दादाचं आणि माझं जाहिरातीत भांडण झालं, तो म्हणाला भीती पातळ होते, मी म्हटलं गावात असंच असतं, मयताच्या घरात पण कुणीतरी एक हसवणारा असतोच.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. त्या वर्षी घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत, मंडळाच्या चार, मिरवणूक नाही, आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये मोठा निळा पिंप ठेवलेला पाणी भरून आणि एकेका मजल्याला वेळ वाटून दिलेली. मास्क लावून, पाट हातात घेऊन, खडूने आखलेल्या गोलात उभे राहून सगळे जण कशाबद्दल बोलत होते, तर डॉक्टरबद्दल. पुढच्या वर्षी लवकर या म्हणून झालं की लगेच मागे वळून, काय हो बघितलं का काल? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं की एवढा देखणा आणि नम्र माणूस गावात तीन दिवसांवर टिकला तर संशय यायलाच पाहिजे. मेडिकलवाले काका, म्हणजे ज्यांचं खाली औषधांचं दुकान आहे ते, मास्कच्या आतून सांगायला लागले की त्या इंजेक्शनात बहुतेक अमुक असणार, तेवढ्यात त्यांच्या बायकोने आरतीचं ताट त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, धरा हे, आणि गप्प बसा, बाप्पा जातायत. एरवी ह्या माणसांशी माझं लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे कधी काही झालेलं नव्हतं.

आणि ह्या चर्चेत हळूहळू काय व्हायला लागलं ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. कोणी केलं हा प्रश्नच नसल्यामुळे लोक दुसऱ्या प्रश्नाकडे वळले, की ह्याला कुणी ओळखलं कसं नाही? आणि तिथून जो तो आपापल्या गावच्या डॉक्टरवर आला. प्रत्येकाकडे एक निघाला! दादाने सांगितलं आपल्याकडे तो नव्हता का बाजाराच्या दिवशी यायचा, मोटरसायकलीच्या डिकीत औषधं, डिग्री कुठली कुणास ठाऊक, पण हाताला गुण होता म्हणे. काकींनी सांगितलं की तो माणूस रात्री दोनला हाक मारली तरी यायचा आणि सरकारी दवाखान्यातलं कुणी दुपारी दोनला पण सापडायचं नाही, मग कुणाला बोलावणार? उधारीवर द्यायचा, सुगी झाली की पैसे. सुई टोचल्याशिवाय कुणाला बरं वाटत नसे, नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर म्हणजे त्याला काही येत नाही, आणि सलाईन लावली तर मग काय, पुढचं वर्षभर ताकद. कागदाच्या पुडीत एक लाल, एक पिवळी, अर्धी पांढरी. ते सर्टिफिकेट भिंतीवर असेल तर असेल, चष्मा लावून वाचलंय कुणी? महाराष्ट्रात १९६१पासून कायदा आहे, नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा गुन्हा आहे, हे सगळं ठीक, पण रात्री पोर तापाने फणफणलेलं असताना नोंदणी नंबर विचारायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येणार.

काकी हे सगळं सांगून शेवटी म्हणाल्या, आमचा त्यो चांगला व्हता म्हणून वाचलो म्हणायचं. हे वाक्य त्या सिरीयलच्या कुठल्याही भागापेक्षा मला जास्त घाबरवून गेलं.

कारण ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती हे सगळ्यांना माहिती होतं. ऑगस्ट २०१६मध्ये वाई तालुक्यातल्या धोमचं प्रकरण उघडकीला आलं, डॉक्टर म्हणून वावरणारा माणूस, सहा खुनांचे आरोप, पुरलेली प्रेतं बाहेर काढली, पेपरात किती दिवस दुसरं काही नव्हतं. सिरीयल त्यावरून सुचलेली. माझी एक चुलत बहीण वाईत दिलीय. आमच्या घरच्या ग्रुपवर पहिल्या भागानंतर धडाधड मेसेज पडत होते, डॉक्टरचे फोटो, सरू आजीची म्हण, हसणाऱ्या तोंडांच्या रांगा, त्यात तिचं एकच आलं, मी नाही बघणार, आमच्याकडं त्या बायकांना ओळखणारी माणसं आहेत. मग दहा मिनिटं कुणी काही टाकलं नाही. नंतर कुणीतरी उद्याच्या विसर्जनाच्या वेळा टाकल्या आणि गाडी पुढे गेली. मी सिरीयल बघत राहिले हे खरंच आहे, पण तिच्या समोर विषय काढायचा नाही हा अलिखित नियम तेव्हापासून आहे आणि मला तो योग्य वाटतो.

चाहता म्हणजे फक्त कौतुक करणारा असा एक गैरसमज आहे. खऱ्या चाहत्याएवढ्या चुका दुसरं कुणी काढत नाही. पुढे एसीपी दिव्या सिंग आल्या, नेहा खान, रुबाबदार एकदम, सगळी तरुण मंडळी खूश, आणि आमच्या दादाने दुसऱ्या मिनिटाला विचारलं, गावात एसीपी कुठनं आली? एसीपी असतो तो कमिशनरेटमध्ये, मुंबई, पुणे, ठाणे इथे, जिल्ह्यात एसपी आणि त्याच्या खाली डीवायएसपी, साताऱ्यात कमिशनर आहे का? वहिनी म्हणाली, अहो बाई छान दिसतेय, युनिफॉर्म छान बसलाय, बघा की गप. पण ते त्याच्या डोक्यातून गेलंच नाही, ती पडद्यावर आली की हा दर वेळी 'डीवायएसपी' असं पुटपुटणार. आता मला सांगा, गाव रात्रीत रिकामं करणारा खुनी त्याला चालतो, रात्री तीन वाजता डॉक्टर फावडं घेऊन शेतात जातोय आणि एकही कुत्रं भुंकत नाही हेही चालतं, पण हुद्दा चुकला ते चालत नाही. काकींची तक्रार वेगळी, दागिने. एवढी मोठी बोरमाळ घालून कोण बाई रात्री घराबाहेर पडते, आमची तर लग्नाशिवाय पेटीतनं निघत न्हाय.

ही सगळी मजा साधारण दिवाळीपर्यंत. माझ्या मते तो माणूस संक्रांतीला पकडला जायला हवा होता, फार तर शिमग्याला. पण टीआरपी चांगला असल्यावर खुनी पकडायची घाई पोलिसांना नसते आणि चॅनेलला तर त्याहून नसते. तो सापडणार, आता सापडणार, हात लागला, निसटला, असं करत करत ऑगस्ट २०२१ उजाडला, आणि शेवटाला आमच्याकडे सगळ्यांचं डोकं फिरलं, कारण जे बघायला वर्ष काढलं ते फासावर लटकणं काही दिसलं नाही, डिसेंबरमध्ये दुसरा सीझन यायचा होता ना. काकींनी त्या रात्री फोन केला तो निव्वळ शिव्या घालायला. मी त्यांना म्हटलं, काकी, तुम्ही दुसरा बघणार नाही का मग? बघणार की, म्हणाल्या, त्यो मेला का न्हाय ते नको व्हय कळायला?

इथे मला सीआयडीचंच आठवतं, कारण ती २१ डिसेंबर २०२४ला परत आली तेव्हा चर्चा ऐकण्यासारखी होती. त्यातही खुनी कोण ह्यात कुणाला रस नव्हता. प्रोमोत टीममधल्या अभिजीतने टीममधल्याच दयावर गोळी झाडलेली दाखवली आणि ऑफिसात आमच्या शेजारच्या टेबलावरचा पस्तिशीचा माणूस, टॅक्सच्या फाईली बघणारा, अक्षरशः अस्वस्थ, असं कसं होईल, दोस्ती आहे त्यांची. त्याला डब्बा खाताना आम्ही समजावत होतो की अरे काहीतरी प्लॅन असेल. फ्रेडी नाही म्हणून दोघं-तिघं खरोखर हळहळले, ते काम करणारे दिनेश फडणीस २०२३च्या डिसेंबरात गेले, आणि त्यांच्याशिवाय ती टीम म्हणजे काहीतरी कमी आहे हे पहिल्या भागात सारखं जाणवत राहिलं. मग एप्रिलमध्ये साटमांचे एसीपी प्रद्युमनच गेले म्हणून चॅनेलने श्रद्धांजली टाकली, फोटोबिटोसकट, आणि काही लोकांना वाटलं साटमच गेले, माझ्या नात्यातल्या एका काकांनी तर पुण्याहून फोन करून विचारलं अंत्यविधी कधी आहे. असला आचरटपणा चॅनेलने करू नये असं माझं म्हणणं. पुढे यथावकाश एसीपी परत आले हे वेगळं सांगायला नकोच. सासूबाई शांत होत्या. साटम मेले तर सिरीयलला कोण बघणार, म्हणाल्या, नट बघ, नट. त्यांचा नियम परत चालू पडल्यामुळे दोन दिवस खुशीत होत्या.

आणि मग २ जून २०२५ला 'देवमाणूस' तिसऱ्यांदा, 'मधला अध्याय' म्हणून. ह्या वेळी डॉक्टर नाही तर शिंपी! गळ्यात स्टेथोस्कोपच्या जागी मापाची टेप, तेच हसू. आता लॉकडाऊन नाही, सगळे आपापल्या फोनवर आपापल्या वेळेला बघणारे, मला वाटलं तसा एकत्र कल्ला काही परत व्हायचा नाही. पण पहिला भाग संपायच्या आत फोन वाजला. दादा म्हणाला, ह्या खेपेला एसीपी आहे का डीवायएसपी ते आधी बघून सांग, मग मी बसतो. मागून वहिनीचा आवाज, त्यांना विचारा ब्लाऊजला कटोरी घालतो का हा. आणि काकींनी फोन ओढून घेतला, त्यांना माझ्याकडून एकच माहिती पाहिजे होती, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर नवीन लेडीज टेलर आलाय त्याला तुझ्या आईने परवा तीन ब्लाऊज टाकलेत, त्यो कुठला हाय, कुणाला काय म्हायती हाय का? मी म्हटलं, काकी, तो सुरेखामावशीच्या जावेचा भाचा आहे. असूं दे, म्हणाल्या, मापाला दोघींनी मिळून जायचं.